फाइल आली, अक्षरं राहिली

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. जुन्यातून नव्यात संसार हलवायला एक केबल आणि दीड तास लागला. फोटो, पासवर्ड, अर्धवट सोडलेले तीन प्रोजेक्ट, इतकंच काय, डेस्कटॉपवर ज्या कोपऱ्यात कचरा साठवला होता तो कचरासुद्धा त्याच कोपऱ्यात जसाच्या तसा. दीड तासात चहा झाला, आंघोळ झाली. "झालं सगळं ट्रान्सफर," असं मी बायकोला ऐटीत सांगितलं आणि त्याच आठवड्यात सिन्नरहून मामीचा फोन आला.

"तुझ्या मामांचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचा म्हणतोय पोरगा. त्यात आत्याबाईंच्या ओव्या आहेत ना रे? तेवढ्या काढून दे."

आत्याबाई म्हणजे मामीची सासू, माझी आजी. मी म्हटलं, मामी, काळजीच करू नका, तासाभराचं काम आहे.

तर मंडळी, त्या तासाभराला आता पाच शनिवार झाले आहेत. आणि त्यातले निदान दोन शनिवार माझ्याच वीस वर्षांपूर्वीच्या पापाची फळं आहेत. ते पाप आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचा उपदेश तुम्ही योग्य तेवढंच मीठ लावून वाचाल.

मामाचं सिन्नरला छापखान्याचं दुकान. सुरुवातीला ट्रेडल मशीन आणि शिशाचे खिळे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दशक्रिया विधीची पत्रं, शाळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. लहानपणी सुट्टीत गेलो की मी त्या खिळ्यांच्या लाकडी केससमोर उभा राहायचो. प्रत्येक खणात एक अक्षर किंवा अक्षराचा तुकडा. मामा न बघता हात घालायचा आणि बरोबर तोच खिळा काढायचा. १९९७ साली त्यानं खिळे शिशाच्या भावानं विकले आणि कॉम्प्युटर घेतला. पेजमेकर, एक मराठी फॉन्टांचं पॅकेज, लेझर प्रिंटर. ट्रेसिंगवर प्रिंट काढायचा आणि प्लेट बनवायला नाशिकला पाठवायचा. पन्नाशीच्या आसपास माणूस सगळा धंदा नव्यानं शिकला. आमच्या घरात प्लॅटफॉर्म बदलणारा पहिला माणूस तो, मी नव्हे. (माझा मात्र बरीच वर्षं उलटा समज होता.)

२००६ च्या दिवाळीत मी पुण्याहून सिन्नरला गेलो ते एका मिशनवर. नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि लिनक्सचं वारं डोक्यात शिरलं होतं. त्या काळी उबुंटूच्या सीड्या मागवल्या की परदेशातून फुकट, घरपोच यायच्या. मी दहा मागवल्या होत्या आणि गिऱ्हाईक शोधत फिरत होतो. मामाच्या मशीनवर विंडोज ९८, दिवसातून दोनदा निळा पडदा. मी म्हटलं, मामा, हे सगळं फेकून दे. व्हायरस नाही, चोरी नाही, पैसा नाही. मामा म्हणाला, "तुला कळतं त्यातलं. कर."

मी केलं. "डेटा" म्हणून जे मला दिसलं ते दोन सीड्यांवर उतरवलं, डिस्क पुसली आणि उबुंटू टाकलं. फॉन्ट उतरवले नाहीत, कारण फॉन्ट म्हणजे माझ्या मते डेटा नव्हता. पॅकेजही नाही, कारण ते "प्रोप्रायटरी" होतं. सीड्या उतरल्या का हे उघडून तपासलं नाही, कारण बर्निंग संपल्यावर हिरवी खूण आली होती. मग मामाला लोहित फॉन्टात "सिन्नर" लिहून दाखवलं आणि रात्रीच्या बसनं पुण्याला परत आलो. सोमवारी त्याला तीनशे लग्नपत्रिका द्यायच्या होत्या. पेजमेकर लिनक्सवर चालत नाही हे मला माहीत होतं. ते त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

मामानं त्या पत्रिका गावातल्या दुसऱ्या डीटीपीवाल्याकडून करून घेतल्या. आठ दिवसांत कुणाला तरी बोलावून पुन्हा विंडोज ९८ टाकलं, पॅकेज टाकलं, माझ्या सीड्यांवरून फाइली परत घेतल्या. मला यातलं काही बोलला नाही. पुढच्या वेळी गेलो तर निळा पडदा जागेवर हजर. मी वैतागून विचारलं, तर म्हणाला, "सवय रे, दुसरं काही नाही."

असो. आता मामा नाही. भंगारातून वाचवलेली ती वीस जीबीची डिस्क गेल्या महिन्यात मी पिशवीत घालून पुण्याला आणली. (जाताना वेळ होता म्हणून गोंदेश्वराच्या देवळात जाऊन बसलो होतो. यादवांच्या वेळचं काम, दगडावर कोरलेलं सगळं अजून तसंच दिसतंय. हातात वीस वर्षांपूर्वीची डिस्क असताना तिथे बसणं जरा अपमानास्पदच वाटतं.)

डिस्क चालू झाली. इथपर्यंतचं श्रेय नशिबाला. जुनी चपट्या पट्टीची केबल यूएसबीला जोडणारं एक अडॅप्टर मिळतं, ते लावलं आणि नव्या कोऱ्या लॅपटॉपनं विंडोज ९८ ची डिस्क कुरकुर न करता दाखवली. फोल्डर दिसले: लग्न, दशक्रिया, शाळा, पतसंस्था, आणि "आई". फाइली पेजमेकर ६.५ च्या.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची. त्यानंतर त्याची जागा इनडिझाइननं घेतली. इनडिझाइनच्या २०१२ च्या सीएस६ पर्यंत पेजमेकरच्या जुन्या फाइली उघडायची सोय होती, नंतर तीही गेली. मग उघडल्या कशा? लिब्रेऑफिसनं. २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या ४.४ आवृत्तीपासून त्यात पेजमेकरच्या फाइली वाचायची सोय आहे. बंद फॉरमॅट उलगडून मोकळे करायचे एवढ्याच कामाला वाहून घेतलेल्या काही मंडळींनी ती केली. म्हणजे ज्या गोटातलं सॉफ्टवेअर मी मामाच्या गळ्यात मारलं आणि ज्यानं त्याचं काम अडलं, त्याच गोटानं त्याच्या फाइली शेवटी उघडल्या. फक्त नऊ वर्षं उशिरा. मामाला हे सांगितलं असतं तर तो पोटभर हसला असता.

फाइल उघडली. समोर रोमन अक्षरं, कंस, डॉलर, टक्के. उदाहरणार्थ "मराठी" हा शब्द असा: अंडरस्कोअर, लहान ए, लहान एम, कॅपिटल आर, गणितातलं "पेक्षा मोठे"चं चिन्ह, लहान आर.

हे असं का, ते नव्या मंडळींसाठी थोडक्यात. (तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मराठी टाइप केलं तेच मुळी मोबाइलवर, त्यामुळे हे दुखणं तुम्हाला झालेलंच नाही.) त्या काळच्या फॉन्टात जागा २५६. देवनागरीची जोडाक्षरं, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं धरली तर एवढ्यात दाटीवाटी होते. म्हणून प्रत्येक फॉन्टवाल्यानं आपापल्या सोयीनं अक्षरांचे तुकडे केले आणि जिथे इंग्रजीतला ए, बी, सी बसायचा त्या जागांवर बसवले. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती फाइल इंग्रजीतच होती, फक्त डोळ्यांवर मराठी चष्मा होता. श्रीलिपीचा चष्मा वेगळा, आकृतीचा वेगळा, सीडॅकच्या आयएसएमचा वेगळा.

मामाच्या भाषेत सांगायचं तर फाइलमध्ये अक्षरं नव्हतीच, खणांचे नंबर होते. "तिसऱ्या ओळीतला पाचवा खण, मग पहिल्या ओळीतला नववा." आता केसच भंगारात गेली, तर नुसत्या नंबरांचं काय लोणचं घालायचं?

गंमत म्हणजे अक्षरालाच नंबर द्यायचा, आकाराला नाही, ही अक्कल आपल्याकडे तेव्हाही होती. इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ सालचं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली होती. पण छापखान्याला पानावर काय दिसतं त्याच्याशी मतलब. पत्रिका छान दिसली की गिऱ्हाईक पैसे देतं. पंचवीस वर्षांनी कुणाचा तरी भाचा फाइल उघडणार आहे हे दराच्या पाटीवर नसतं. आणि मामाच्या विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी मांडताच येत नव्हती. ते विंडोज २००० पासून जमायला लागलं, र. कृ. जोशींनी घडवलेल्या मंगल फॉन्टासकट. एक्सपीवरसुद्धा मूळ सीडी घालून सेटिंगमध्ये एक खूण करावी लागायची, आठवतंय का? त्यामुळे मामानं चुकीचा मार्ग निवडला असं म्हणायची सोय नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

मग मी कन्व्हर्टर लिहायला बसलो. तयार कन्व्हर्टर मिळतात, लोकांनी हौसेनं केलेले, चांगले आहेत. पण मामाचा फॉन्ट जरा आडवळणाचा होता. कोणता खण म्हणजे कोणतं अक्षर याचं कोष्टक केलं. मग ऱ्हस्व वेलांटी. ती दिसते अक्षराच्या आधी, म्हणून जुन्या फाइलीत आधीच लिहिलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण आपण उच्चारतो तशी. रफाराचं बरोबर उलटं. जुन्या फाइलीत तो शेवटी चढवलेला, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे एकेक शब्द उलगडून पुन्हा विणायचा. हे सगळं करायला मजा येते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळपर्यंत शंभरातले पंचाण्णव शब्द नीट दिसायला लागले आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

उरलेल्या पाचांत खरी ग्यानबाची मेख.

मामानं कधीतरी तालुक्याची माहिती देणारं एक पत्रक केलं होतं. त्यात डुबेऱ्याचा उल्लेख होता. डुबेरे म्हणजे थोरल्या बाजीरावांचं जन्मगाव, १७०० सालचं, आमच्याच तालुक्यातलं. माझ्या कन्व्हर्टरनं "डुबेऱ्या"तल्या त्या आडव्या रेघेच्या र ला उचलून य च्या डोक्यावर रफार करून ठेवलं. हिंदीला हा र लागत नाही, मराठीचं त्यावाचून पान हलत नाही. दऱ्या आणि दर्या एक नव्हे. लग्नपत्रिकेत आचाऱ्याच्या जागी आचार्य आले तर पंगतीला काय वाढतील? बरं, युनिकोडमध्येही हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. मी एकच तऱ्हा धरली आणि सगळ्या फाइली पुन्हा धुऊन काढल्या.

हे सगळं पत्रकांच्या, अहवालांच्या बाबतीत ठीक आहे. संदर्भावरून कळतं. "आई" या फोल्डरवर आलो तेव्हा हात थांबला.

आजी आयुष्यभर विड्या वळायची. सिन्नरच्या त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी मांडीवर सूप घेऊन पानं कापत, विड्या वळत संसार ओढले. दळण गिरणीतून यायला लागल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या तिच्या तोंडी होत्या. विड्या वळताना म्हणायची. २००० साली तिची पंच्याहत्तरी येणार होती, तेव्हा मामानं ठरवलं की तिच्या ओव्यांचं छोटं पुस्तक छापायचं. १९९९ मध्ये रोज रात्री दुकान बंद झालं की आजी सांगायची आणि मामा थेट कॉम्प्युटरवर घ्यायचा. दोनशे चौदा ओव्या. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून मग त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला वाचून दाखवल्या आणि ती चुका सांगेल तसं दुरुस्त करत गेला. त्या वर्षी माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं, पैसे तिकडे गेले, पुस्तक राहिलं. २००१ मध्ये आजी गेली.

हे मला मामीनं आत्ता सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे फोल्डरमध्ये दोन फाइली हव्यात. "आई १", म्हणजे पहिला खर्डा, आणि "आई फायनल", म्हणजे आजीनं तपासलेला. डिस्कवर "आई १" आहे. "आई फायनल" नाही.

मी दोन दिवस डिस्क उलटीपालटी केली. मग मामीला विचारलं, मामांनी पुसली असेल का? ती थोडा वेळ गप्प राहिली.

"त्या वेळी तुझी दुसरी शिडी मध्येच अडकली होती," ती म्हणाली. "तिच्यातलं अर्धंच परत आलं. त्यांना माहीत होतं. म्हणाले, पोराला सांगू नको, उगा मनाला लावून घेईल."

(ती सीडीला शिडी म्हणते. त्या दिवशी मला हसू आलं नाही.)

छापील प्रत एक होती, घर बदलताना कुठे गेली ती गेली.

तर आता हातात काय आहे? खर्डा. मामानं कानांनी ऐकून घाईत टाइप केलेला, आजीनं न तपासलेला. त्यावर माझा पंचाण्णव टक्केवाला कन्व्हर्टर. आणि आजीचे शब्द असे की माझ्या पिढीला त्यातले निम्मे ओळखता येत नाहीत. इथे "दर्या" आहे की "दऱ्या" हे संदर्भावरून कळत नाही, कारण तो संदर्भच मला माहीत नाही.

ऑफिसात हे सांगितलं तर एकानं लगेच उपाय सुचवला, "अरे, पानाचं चित्र काढ आणि एआयला दे. दोन मिनिटांचं काम." सल्ला अगदी मूर्खपणाचा नव्हता. देवनागरीचं ओसीआर आज खरंच चांगलं झालंय, दहा वर्षांपूर्वी स्वप्न वाटलं असतं. मी दिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. उत्तर इतकं स्वच्छ आलं की पहिल्यांदा वाचताना मला गहिवरून आलं. दुसऱ्यांदा वाचताना शंका यायला लागली. तिसऱ्यांदा मूळ खर्डा शेजारी ठेवला. आजीच्या तोंडचं "व्हता" होतं त्याचं "होता" झालं होतं. "म्या"चं "मी". एका ठिकाणी ओळ अर्धवट होती, ती पूर्ण करून दिली होती, वृत्तात, यमकासकट. आजीनं ती कधीही म्हटलेली नव्हती.

कन्व्हर्टर चुकतो तेव्हा चूक डोळ्यांना टोचते. चौकोन येतो, रफार भलत्या ठिकाणी लटकतो. यानं केलेली चूक शुद्धलेखनाच्या नियमांत बसते. आजीला शाळेत घातलं नाही ते नाहीच, आता मेल्यावर तिची भाषा सुधारायची, हे माझ्याच्यानं झालं नसतं. ती फाइल मी उडवून टाकली आणि कोष्टकाकडे परत आलो. कोष्टक बिचारं अडाणी आहे, पण खोटं बोलत नाही. कुठल्या खणातून काय आलं हे दाखवता येतं.

दुसरा उपाय घरातल्यांचा: "पीडीएफ करून ठेव ना, दिसल्याशी कारण." हाच उपाय पुष्कळ संस्था करतात आणि फाइल जपली म्हणतात. जुन्या फॉन्टातली मराठी पीडीएफ उघडा, एक वाक्य कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवा. तोच अंडरस्कोअर, तोच डॉलर. डोळ्यांना मराठी, आत सगळा खणांचा हिशेब. त्यात काही शोधता येत नाही, अंध माणसाला ते वाचून दाखवता येत नाही. चष्मा काचेच्या कपाटात ठेवला म्हणजे डोळे जपले असं होत नाही. मी पीडीएफच्या विरोधात नाही, पान कसं दिसत होतं याची ती चांगली साक्ष आहे. पण तिला ट्रान्सफर म्हणू नये.

आपण मराठी माणसांनी प्लॅटफॉर्म काही पहिल्यांदा बदललेला नाही. ज्या बाजीरावांच्या जन्मगावानं माझा कन्व्हर्टर हाणून पाडला, त्यांच्या काळचा सगळा कारभार मोडीत. रुमालात बांधलेली दप्तरंच्या दप्तरं. विसाव्या शतकात मोडी मागे पडली, शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत घरोघरची कागदपत्रं घरच्यांनाच वाचता येईनाशी झाली. आजही जमिनीच्या कज्ज्यात पणजोबांचा कागद निघाला की मोडी वाचणारा शोधत हिंडावं लागतं. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले, साधनांचे बावीस खंड काढले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून पंचेचाळीस खंड छापले. तरी जे वाचायचं राहिलंय ते कितीतरी जास्त आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. पण मोडीचा कागद निदान डोळ्यांसमोर असतो. शिकलं तर वाचता येतो. भंगारवाल्याच्या पोत्यातली हार्डडिस्क कुणाला मोडी शिकवून वाचता येणार?

मला वाटतं, साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत तालुक्या-तालुक्यांतून जे मराठी टाइप झालं, ते आज असंच अधांतरी आहे. मोठ्यांचं निभावलं. विश्वकोश आज युनिकोडात वेबवर आहे. दैनिकांच्या वेबसाइटी आपापल्या फॉन्टातून बाहेर आल्या, भले त्यांचे जुने अंक वाटेत हरवले असतील. ओव्यांचंच बघा. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि आज त्या परीच्या संग्रहात वाचता, ऐकता येतात, कारण त्यांच्यामागे वर्षानुवर्षं राबणारी माणसं होती. पण गल्लीतल्या डीटीपीवाल्याचं काय? गावातल्या शाळेची पन्नास वर्षांची स्मरणिका, कुणा मास्तरांनी लिहिलेला गावचा इतिहास, भजनी मंडळाची वही, हे सगळं त्याच्याच मशीनवर होतं. छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या, मास्तर गेले, आता डीटीपीवाला साठीपार आहे आणि त्याचा मुलगा फ्लेक्स छापतो. ते मशीन माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत निघेल.

आणि आपण? आपण हिंजवडीत बसून परदेशातल्या बँकांचे तीस-चाळीस वर्षं जुने प्रोग्राम नव्या प्लॅटफॉर्मवर हलवतो. मायग्रेशन हा शब्द आपल्या बायोडेटात चार वेळा असतो. तिथे आपण कॉपी केलेली एकेक नोंद मोजून जुळवतो, कारण एक आकडा हलला तर क्लायंट फाडून खाईल. मामाच्या वेळी मी हिरवी खूण बघून उठलो. मामा क्लायंट नव्हता ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्या माळ्यावरच्या मशीनची चौकशी करा. डिस्क काढून आणा, फॉन्टांच्या फोल्डरसकट सगळी उतरवा, काय डेटा आणि काय नाही हे माझ्यासारखं ठरवत बसू नका. मूळ फाइलीला हात लावू नका. पत्रिका, दशक्रियेची पत्रं यांत लोकांचं खाजगी असतं, ते ज्याचं त्याला विचारल्याशिवाय कुठे चढवू नका. कन्व्हर्टरचं काम तुम्हाला जमेल, तो सोपा भाग आहे. अवघड भाग त्या मजकुराची आठवण असलेला माणूस शोधणं हा आहे, आणि त्या माणसाचं वय आज पंचाहत्तर-ऐंशी असतं.

आमच्याकडे ती मामी आहे. लग्न होऊन आली तेव्हा पहिली काही वर्षं ती आणि आजी एकाच जात्यावर बसायच्या, मग एकाच ओसरीवर विड्या वळायच्या. गेले तीन शनिवार मी सिन्नरला जातोय. लॅपटॉपवर अक्षरं मोठी करून ठेवतो आणि मी वाचतो. ती डोळे मिटून ऐकते. "असं नाही, पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणतो. मग ती हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवते, पुटपुटते, आणि शब्द येतो. नुसतं बसून आठवत नाही, हात फिरवला की आठवतं. एकदा म्हणाली, तुझ्या मामांनी इथं ऐकण्यात चूक केलीय, आत्याबाईंना दातांमुळे नीट बोलता यायचं नाही तेव्हा. ही दुरुस्ती कुठल्या कोष्टकात बसवायची? मी शेजारी नोंद केली: मूळ फाइलीत असं, मामीच्या म्हणण्याप्रमाणे असं.

सात ओव्या तिनं नव्या सांगितल्या. खर्ड्यात नाहीत. "फायनल"मध्ये होत्या का, तिला आठवत नाही.

सुरुवातीला शंकेच्या खुणा एकशे सहा होत्या. आता एकतीस आहेत. काही तशाच राहतील असं मी धरून चाललोय. तिथे प्रश्नचिन्हच ठेवणार आहे, भरणार नाही.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना तिचा फोन आला. घेता आला नाही. बाहेर येऊन लावला तर म्हणाली, "अरे ती त्र्याऐंशीवी. दर्या नाही, दऱ्याच आहे. भांडी घासताना आठवलं. लिहून घे, नाहीतर मी विसरेन."

पार्किंगमध्ये उभ्या उभ्या हातावर लिहून घेतलं.